देवकीबाईंच्या वर्गातला पाहुणा

"भाषा पाहुणी असते. तिले आधी पानी द्या, मंग नाव पुसा."

देवकीबाई हे वाक्य इतक्या वेळा म्हणत, की नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या शाळेत जर्मन न शिकणाऱ्या पोरांनाही ते पाठ झालं होतं. शाळेचा शिपाई देवाजी घंटा देताना तेच पुटपुटायचा. माझी भाची उन्नती नववीत, त्यांच्या वर्गात. सुट्टीत ती आमच्या गावी, सावनेरकडे आली, की संत्री तोडणाऱ्या बायांनासुद्धा हे वाक्य ऐकवायची. बाया हसायच्या आणि म्हणायच्या, "दे मंग पानी, आमची बी भाषा तहानली हाय."

जे व्हायचं ते चांगलं झालं, म्हणून ही गोष्ट सावकाश सांगता येते. वाईट झालं असतं तर घाईत सांगून मोकळा झालो असतो. आमच्या बागेत आता ठिबक आलं आहे, पण गोष्ट अजून पाटानंच द्यावी लागते. आधी वरच्या झाडाला पाणी, मग खालच्या. वरचं झाड कोराडीचं आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

देवकीबाईंचं बालपण कोराडीच्या कॉलनीत गेलं. वडील वामनराव वीज केंद्रात बॉयलरवर होते. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा तिथे संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचा, आणि रस्त्यानं कोळशाचा ट्रक गेला की घरातली भांडी वाजायची. एका वर्षी एक यंत्र बसवायला परदेशातून इंजिनीयर आला. जर्मन माणूस, उंच, केस गव्हाच्या काडासारखे. गेस्ट हाउसात पाव आणि उकडलेली अंडी खाऊन कंटाळला होता. वामनराव एका रविवारी त्याला घरी जेवायला घेऊन आले.

वामनरावांचं इंग्रजी थोडं, पाहुण्याचंही थोडंच. दोघं समोरासमोर बसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. तेव्हा देवकीची आई यमुताई आतून आली. पितळी गडवा, म्हणजे तांब्या, आणि पेला पुढे ठेवला. पाहुणा पाणी प्याला, आणि त्याच्या तोंडून त्याच्या भाषेतला एक शब्द निघाला. यमुताईंना तो कळला नाही. त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवून "यमुना" म्हटलं, आणि मग त्याच्याकडे बोट केलं. त्यानं नाव सांगितलं. तिथून बोलणं सुरू झालं. दाराआड उभ्या असलेल्या देवकीनं ते पाहिलं.

पुढे तो माणूस दर रविवारी येऊ लागला. पोरगी एकेक वस्तू दाखवायची. ती "पानी" म्हणायची, तो आपल्या भाषेत सांगायचा. ती "चूल" म्हणायची, तो थबकायचा, कारण त्याच्या देशात तशी चूल नव्हती. जेवताना मात्र भाषेचं काम पडत नसे. पोट भरलं म्हणून त्यानं ताटावर हात आडवा धरला, तर यमुताईंनी त्याच्या बोटांच्या फटीतून वरण सोडलं. तो ओरडला, मग हसला, मग तेही खाल्लं. कॉलनीत ही गोष्ट बरेच दिवस चालली.

यंत्र बसलं आणि पाहुणा गेला. देवकीच्या तोंडात मात्र ती भाषा राहून गेली. कॉलेजात गेल्यावर ती कोराडीहून बसनं शहरात यायची, जर्मनच्या क्लासला. बसमध्ये लोक विचारायचे, "काय वं, जर्मनीले जाऊन राहिली का?" ती म्हणायची, "सध्या सीताबर्डीपर्यंतच जाऊन राहिली." शिकली, परीक्षा दिल्या, शाळेत लागली, लग्न करून मनीषनगरात राहायला गेली. जर्मनीला ती आजवर गेलेली नाही. तिच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात, तेवढाच तिचा परदेशाशी संबंध.

आता मी त्यांना देवकीबाई म्हणतो, कारण इथून पुढे त्या मास्तरीण आहेत. सुती साडी, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत आईचा तोच पितळी गडवा.

शिकवायची त्यांची रीत अशी होती. तास सुरू झाला की एक पोरगं वर्गाच्या बाहेर जायचं. ते पाहुणं. दार वाजवून ते आत यायचं. दुसरं पोरगं उठून गडव्यातलं पाणी पेल्यात ओतून त्याच्या हातात द्यायचं. पाणी पिऊन होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग नाव, गाव, येताना त्रास झाला का, घरी कोण कोण असतं, असं सगळं जर्मनमध्ये चालायचं. पाहुणा म्हणाला की गाडीत गर्दी होती, तर यजमानानं म्हणायचं, हो, फार गर्दी असते. पाहुणा म्हणाला नागपुरात ऊन फार, तर म्हणायचं, हो, फारच. उन्नती मला हे दाखवायची तेव्हा वाटायचं, आमच्या ओसरीवर अजून हेच तर चालतं, फक्त शब्द निराळे.

या रीतीनं पोरं तयार झाली. कागदावरचं व्याकरण थोडं मागे राहायचं, पण जीभ मोकळी व्हायची. कोणी पुढे नर्सिंगला तिकडे गेलं, कोणी पुण्यात कंपनीत लागलं. दिवाळीत येऊन पाया पडून जायचे. देवकीबाई त्यांनाही आधी पाणी द्यायच्या.

मागच्या वर्षी संस्थेवर नवीन माणसं आली. त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल दिसायला हवा होता. पालकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की जर्मनच्या तासाला पोरं पाणी पाजत बसतात. त्यावर कोणी हसणारी चित्रं टाकली, कोणी खरोखरच चिडले. मुख्याध्यापक जितेंद्र सर सज्जन माणूस, पण वरचं बोलणं खाली आणणं हेच त्यांचं काम होऊन बसलं होतं. त्यांनी देवकीबाईंना बोलावून सांगितलं, "मॅडम, संस्था पुण्याहून परीक्षक बोलावून राहिली. तोंडी परीक्षा घेतील. पोरं बोलली तर विषय राहीन. नाही बोलली तर जूनपासून बंद."

"आणि नववीची पोरं?" देवकीबाईंनी विचारलं.

"दहावीत संस्कृत घेतील."

"दहावीत जाऊन पहिलं पान उघडतील?"

जितेंद्र सरांनी कपाळ चोळलं. "मी तेच म्हटलं त्यांले. ऐकून नाही राहिले, मॅडम."

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं. देवकीबाईंचा वर्ग राहणार की जाणार, आणि दहावीच्या दारात उभ्या असलेल्या या पोरांना पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करावं लागणार की नाही. उन्नतीनं घरी येऊन आईला सांगितलं आणि ताट बाजूला सारलं. माझी बहीण हर्षा लगेच फोनवर, "दादा, पोरगी जेवून नाही राहिली. तू ये गा दोन दिवस. संत्री बी घेऊन ये." आमच्याकडे दुःखाला संत्री नेतात आणि सुखालाही संत्रीच नेतात, त्यामुळे मी पोतं भरून निघालो.

फेब्रुवारीचा महिना. सकाळी अंगावर शाल, दुपारी घाम. परीक्षेच्या दिवशी उन्नतीला सोडायला मीच गेलो आणि मग परतायला पाय निघेना. देवाजीनं व्हरांड्यात बाक दाखवला. वर्गाची खिडकी डोक्याशीच होती. संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो.

परीक्षकाचं नाव उन्मेष सर. तरुण, चष्मा, बोलणं मऊ. आल्याबरोबर जितेंद्र सरांनी विचारलं, "जेवण हॉटेलातून मागवलं आहे, सर. तिखट चालते न?" तेव्हा देवकीबाई मधे बोलल्या, "माझ्या वर्गाचा पाहुणा हॉटेलचं खात नाही. पोरांच्या घरून येते." त्या दिवशी सांबारवडी आमच्या हर्षाकडे होती (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), कढी विहंगच्या घरून, बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात नूपुरच्या घरून. जितेंद्र सरांनी हॉटेलला फोन करून जेवण नको म्हणून सांगितलं.

देवकीबाई बाहेर थांबल्या. विषय शिकवणाऱ्यानं आत राहायचं नाही, असा नियम होता. उन्मेष सर आत गेले आणि परीक्षा सुरू झाली.

आतलं बोलणं जर्मनमध्ये चाललं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. जे सांगतो ते उन्नतीनं नंतर शब्दाशब्दानं सांगितलेलं आहे. नूपुर उठली, गडव्यातलं पाणी दिलं. उन्मेष सरांना ते आवडलं असावं, कारण ते पूर्ण पेला प्याले. नाव विचारलं, तिनं सांगितलं. घरी कोण असतं, तेही सांगितलं. इथवर पाट सरळ वाहत होता.

मग उन्मेष सरांनी परीक्षकांची एक युक्ती वापरली. पाठ केलेलं कोणतं आणि समजलेलं कोणतं हे ओळखायला ते मुद्दाम चुकीचं बोलतात, म्हणजे पोरगं त्यांना दुरुस्त करतं. ते नूपुरला म्हणाले, "म्हणजे तू पुण्यात राहतेस तर."

नूपुरचं घर शाळेमागच्या गल्लीत. तिनं हसून सांगितलं, "हो."

"आणि आज रविवार आहे, म्हणून तुम्ही सगळे मजेत आहात."

"हो, सर."

त्यांनी विहंगला उभं केलं. विहंग वर्गातला सगळ्यात बोलका. त्याला विचारलं, "तुला तीन पाय आहेत ना?" विहंगनं आपल्या पायांकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो."

उन्नतीलाही त्यांनी विचारलं, की आत्ता बाहेर बर्फ पडतो आहे का. बाहेर मी उन्हात शाल काढून बसलो होतो. आमची पोरगी म्हणाली, "हो, फार बर्फ पडतो आहे. तुम्हाला येताना त्रास झाला का?"

एकामागून एक सगळा वर्ग असाच गेला. खिडकीतून मला फक्त आवाज येत होता. पोरं "या, या" म्हणत होती. जर्मनमध्ये हो म्हणायला "या" म्हणतात. मला वाटलं, चांगलं चाललं आहे, पोरं पाहुण्याला या म्हणून राहिली. पण देवकीबाईंचा चेहरा उतरत चालला होता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, पुन्हा गुंडाळलं आणि पुन्हा सोडलं.

उन्मेष सर बाहेर आले. जितेंद्र सरांना बाजूला घेऊन बोलले, पण व्हरांडा मोकळा होता आणि सगळं ऐकू येत होतं. "मुलं फार गोड आहेत हो. पण पाठांतर आहे. प्रश्न कळतच नाही त्यांना. प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात. मला खरं तेच लिहावं लागेल."

"लिहा, सर," जितेंद्र सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "जेवून घ्या आधी. मंग लिहा."

पोरं बाहेर आली. त्यांच्या तोंडावर शंका नव्हती. देवकीबाईंनी विहंगला जवळ बोलावलं.

"काहून गा, तीन पाय काहून म्हटलं?"

विहंग गोंधळला. "मॅडम, ते पाहुणे आहेत न. पहिल्यांदाच आले आपल्याकडे. त्यांले तोंडावर खोटं कसं पाडायचं?"

"तुले समजलं होतं ते काय म्हणून राहिले?"

"सगळं समजलं. मी पाय मोजले बी."

"आणि तू वं?"

नूपुर खाली पाहत म्हणाली, "मले वाटलं, त्यांची तशी इच्छा असन."

देवकीबाई पायरीवर बसल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनीच पोरांना पाणी द्यायला शिकवलं होतं, हो म्हणायला शिकवलं होतं. पाहुण्याशी वाद कसा घालायचा हे शिकवायचं राहून गेलं होतं. आमच्या मुलखात ते कोणी शिकवतच नाही. आता उन्मेष सरांना जाऊन सांगावं, तर ती सबब झाली असती. आमची पोरं फार संस्कारी आहेत म्हणून नापास झाली, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

तेवढ्यात फाटकातून हर्षा आली. हातात मोठा डबा, कपाळावर घाम. "दादा, कसं झालं गा?"

"झालं, पन बिघडलं," मी म्हटलं.

हर्षानं डबा घट्ट धरला आणि देवकीबाईंकडे पाहिलं. देवकीबाई त्या डब्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "वडी गरम हाय का वं?"

"आत्ताच तळून आनली. काहून?"

देवकीबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पण उठल्यावर ताठ उभ्या राहिल्या. त्यांना काय आठवलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. आईनं त्या परदेशी पाहुण्याला कधी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तो म्हणाला कोराडी सुंदर आहे, तर आई हो म्हणाली, डोळ्यात राख जात असताना हो म्हणाली. फक्त जेवताना तिनं त्याचं एकही ऐकलं नाही.

त्यांनी देवाजीला सांगून व्हरांड्यात सतरंजी टाकून घेतली. जितेंद्र सर म्हणाले, "टेबल आहे न, मॅडम."

"टेबलावर आग्रह होत नाही, सर."

मग त्या उन्मेष सरांकडे गेल्या. "एक विनंती आहे. जेवताना तुम्ही जर्मनच बोला. पोरं वाढतील."

"परीक्षा तर झाली, मॅडम," ते संकोचून म्हणाले.

"परीक्षा नाही, जेवन आहे."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. पाहुण्यालाही काही गोष्टींना नाही म्हणता येत नाही. ते सतरंजीवर बसले, शेजारी जितेंद्र सर, आणि मलाही हाताला धरून बसवलं. देवकीबाईंनी पोरांना एका कोपऱ्यात घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "आतापर्यंत पाहुना दारात होता. आता पंगतीत बसला. पंगतीतल्या पाहुन्याचं ऐकत असतात का गा?"

पोरं हसली. "नाही, मॅडम."

"मंग घरी वाढता तसं वाढा. भाषा तेवढी त्यांची ठेवा."

उन्नतीच्या हातात सांबारवडीचं ताट होतं. तिनं सगळ्यांना एकेक वाढली. उन्मेष सरांनी खाल्ली, डोळे मिटले, मान हलवली. ती दुसरी वाढायला वाकली तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं. काय म्हटलं हे सांगायला मला दुभाषी लागला नाही. तो हात मी हजार पंगतीत पाहिला आहे.

उन्नती थांबली. माझा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "नाइन."

नाइन म्हणजे नाही, आणि त्या दिवसातला तो पहिला नकार होता. उन्मेष सरांनी मान वर केली.

"तुम्ही एकच खाल्ली," उन्नती तिच्या त्या भाषेत म्हणाली. "एक म्हणजे खाल्लीच नाही."

"माझं पोट भरलं आहे."

"नाही भरलं. तुम्ही सकाळपासून आम्हा सगळ्यांशी बोलत होता. बोलल्यानं भूक लागते. माझी आई पहाटे उठली आहे, ती दारात उभी राहून पाहते आहे." आणि वडी ठेवून दिली.

उन्मेष सरांनी दाराकडे पाहिलं. हर्षा खरंच उभी होती. त्यांनी मुकाट्यानं दुसरी खाल्ली. पण आता त्यांच्या डोळ्यात काहीतरी हललं होतं. ते सगळ्या पोरांकडे पाहून म्हणाले, "छान आहे. म्हणजे ही आमच्या पुण्याची कोथिंबीर वडीच ना?"

एवढंच म्हणायचा अवकाश होता. चारही बाजूंनी "नाइन, नाइन" सुरू झालं. नूपुर गोळाभाताचं भांडं खाली ठेवून आली. सकाळी हीच पोरगी पुण्यात राहायला तयार होती. आता म्हणाली, "पुण्याची वडी चौकोनी. तिच्यात सगळं पिठात कालवतात. आमच्या वडीत सांबार आत भरतात, वरून पातळ पोळी असते. आत खोबरं असतं, आणि..." तिला खसखशीचा शब्द येईना. ती अडली नाही. "आणि बारीक बी असतं. इतकं बारीक. ते जास्त खाल्लं तर माणूस वर्गात झोपतो."

उन्मेष सरांनी तो शब्द तिला दिला. तिनं तो लगेच वापरला आणि पुढे चालू लागली.

विहंग कढीचं पातेलं घेऊन आला होता. त्याला उन्मेष सर म्हणाले, "तू बरा आलास. तुला तीन पाय आहेत, पळत जाऊन अजून कढी आण."

"नाही सर, दोनच आहेत."

"सकाळी तर तीन होते."

"सकाळी तुम्ही पाहुणे होता."

"आणि आता कोण आहे?"

विहंगनं विचार केला. "आता तुम्ही जेवता आहात," तो म्हणाला. उन्मेष सर हसले. हसता हसता त्यांनी पुन्हा ताटावर हात धरला, आणि विहंगनं बोटांच्या फटीतून कढी सोडली.

मी देवकीबाईंकडे पाहिलं. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते, आणि त्यांचे खांदे, जे सकाळपासून वर ओढलेले होते, ते खाली आले. संध्याकाळी बैलाच्या मानेवरून जू उतरतं तसे.

पुढे बराच वेळ ते जेवण चाललं. उन्मेष सर मुद्दाम काहीही बोलत. संत्री आंबट असतात म्हणाले, त्यावर उन्नतीनं माझ्याकडे बोट करून सांगितलं, की हे माझे मामा, यांच्यासमोर असं बोलू नका, आणि पिशवीतलं संत्रं सोलून त्यांच्या हातावर ठेवलं. बाहेर बर्फ पडतो आहे का, असंही पुन्हा विचारलं. ती म्हणाली, पडला असता तर बरं झालं असतं, मामाला इतका घाम आला नसता. प्रत्येक पोर त्यांच्याशी भांडलं, आणि जर्मनमध्येच भांडलं. चुका झाल्या असतील. पण वाद घालताना चुका कोण मोजतो?

हात धुतल्यावर उन्मेष सर जितेंद्र सरांना म्हणाले, "मी सकाळी चुकीचं समजलो होतो. त्यांना सगळं कळत होतं. मला नाही म्हणायची त्यांना लाज वाटत होती."

"म्हणजे काय लिहाल, सर?"

"मुलं बोलतात असं लिहीन. परीक्षा जेवताना झाली हेही लिहीन. विषय बंद करू नका."

जितेंद्र सरांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला त्यांची दया आली. विषय बंद झाला असता तर सगळ्या आईबापांना तोंड त्यांनाच द्यावं लागलं असतं. ते हर्षाकडे वळले आणि म्हणाले, "ताई, अजून दोन वड्या आहेत का? मघाशी काळजीनं मले गेलीच नाही."

पोरांना कोणी काही सांगितलं नाही, तरी कळलं. नूपुर रडली, विहंग दोन्ही पायांवर उड्या मारत मैदानात गेला. उन्नतीनं गडवा घेतला, पेल्यात पाणी ओतलं आणि देवकीबाईंपुढे धरलं. तेव्हा मला आठवलं, सकाळपासून त्यांनी पाण्याला हात लावला नव्हता. त्या सगळा पेला प्याल्या. पिऊन होईपर्यंत कोणी बोललं नाही.

मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून नाही म्हनायले शिकू. जेवायच्या आधीचं."

शाळा सुटली. उन्मेष सरांची गाडी फाटकाशी उभी होती. त्यांनी काच खाली केली. "मॅडम, मनीषनगरला सोडतो. माझ्या वाटेवरच आहे."

देवकीबाईंनी गाडीकडे पाहिलं, फाटकावर गर्दी करून उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं. "नाही, सर," त्या म्हणाल्या. "मी चालत जाईन स्टॉपपर्यंत. आज मले चालायचं आहे."

पोरं खदखदून हसली. उन्मेष सरांनी हात जोडले आणि गाडी निघून गेली.

देवकीबाई रस्त्याच्या कडेनं निघाल्या. ऊन उतरलं होतं, पिशवीतून गडव्याचा काठ बाहेर डोकावत होता आणि चमकत होता. चाल सावकाश होती, जिला कुठेही वेळेवर पोहोचायचं नाही अशी. चौकातल्या पाणपोईजवळ त्या थांबल्या, कोणा अनोळखी बाईशी दोन शब्द बोलल्या, आणि पुढे गेल्या. वळणावर एकदा पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

फाटकाशी देवाजी कुलूप हातात घेऊन उभा होता आणि लावत नव्हता. हर्षा रिकामा डबा कडेवर घेऊन उभी होती. उन्नती माझा हात धरून उभी होती. तिला विचारलं, "चालायचं का आता घरी?" ती वळणाकडे पाहत म्हणाली, "नाही." मग आम्ही सगळेच तिथे थांबलो, पिशवीतला तो पितळी काठ दिसेनासा होईपर्यंत.